डिझेल कॅम्परचे बेल्ट घरच्या घरी कसे बदलायचे

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढत होतो. गाडी जुनी ट्रॅव्हलर, मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर बॉनेटमधून चीं असा आवाज सुरू झाला. डबक्यातून गेलं की जास्त, ॲक्सिलरेटर सोडला की कमी. वर पोचल्यावर पुढच्या गावात एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने वीस मिनिटांत नवा बेल्ट टाकला, टॉमी (लोखंडी कांब) लावून कचकन ताणला, वरून कसलासा स्प्रे मारला आणि म्हणाला, "ताई, आता वर्षभर बघायला नको."

कराड ओलांडलं आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ टेम्परेचरचा काटा चढला. बॉनेट उघडलं तर नव्याकोऱ्या बेल्टच्या चिंध्या पंख्याभोवती गुंडाळलेल्या आणि वॉटर पंपाची पुली हाताने हलवली तर सैल दातासारखी डुगडुगत होती. बेल्ट तुटला तो पंपाच्या बेअरिंगमुळे. जुना बेल्टही त्यामुळेच ओरडत होता आणि नवा गच्च ताणल्याने त्या बेअरिंगचा उरलासुरला जीव गेला.

तेव्हापासून बेल्टचं काम मी स्वतः करते. पहिल्यांदा अख्खा रविवार गेला, आता दोन-अडीच तास लागतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः व्ही बेल्टच्या, म्हणजे पाचरीसारख्या आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत बसतो अशा, जुन्या डिझेल गाड्यांसाठी. नव्या गाड्यांतल्या रिब्ड बेल्टचं (चपटा, आतून उभ्या रेघांचा) शेवटाकडे वेगळं दिलं आहे.

१. कुठला बेल्ट काय फिरवतो ते आधी बघा

गाडी बंद असताना बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि रेडिएटरच्या पंख्यामागे डोकं घाला. सगळ्यात खाली क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची पुली. तिच्यावरून निघणारा प्रत्येक बेल्ट बोटाने माग काढत जा. माझ्या गाडीत तीन आहेत: एक वॉटर पंप, पंखा आणि ऑल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, दुसरा पॉवर स्टिअरिंगचा, तिसरा एसी कॉम्प्रेसरचा.

हे माहीत असलं की रस्त्यात निर्णय सोपा होतो. एसीचा तुटला तर कापून फेकायचा आणि खिडक्या उघडून पुढे जायचं. स्टिअरिंगचा तुटला तर चाक दगडासारखं जड होतं, पण हळूहळू जवळच्या गावापर्यंत जाता येतं. फॅन बेल्ट तुटला तर एक किलोमीटरही नाही. पाणी फिरत नाही, इंजिनाचं हेड तापून वाकतं आणि खर्च शेकड्यांतून थेट हजारांत जातो.

आणखी एक गोष्ट बघाच. आपल्याकडच्या सुमो, टाटा ४०७ यांसारख्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप ऑल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. अशा गाडीचा फॅन बेल्ट गेला की ब्रेकची मदतही जाते. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांनी उभं राहिल्यासारखा दाबावा लागतो. ब्रेक बूस्टरकडून निघालेला जाड पाइप कुठे जातो ते शोधा. तो ऑल्टरनेटरच्या मागे गेला असेल, तर त्या बेल्टचा आवाज आल्यावर घाट उतरायचा नाही.

टायमिंग बेल्ट ही निराळी गोष्ट आहे. तो इंजिनाच्या वॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवतो. तो कव्हरच्या आत असतो आणि एक दात चुकला तरी वॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. जुन्या ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम६१६ घराण्यातलं, त्यात टायमिंगला चेन असते, म्हणून ती काळजीच नाही. तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट असेल तर तो जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

२. बदलायची वेळ झाली का?

घरगाडीचे बेल्ट किलोमीटरवर मोजू नका. आमची गाडी वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर फिरते आणि पावसाळ्यात महिनोन्महिने उभी असते. उभ्या गाडीच्या पुल्यांच्या खाचांना गंज धरतो आणि पहिल्या दिवशी तो कानशीसारखा बेल्ट घासून काढतो. शिवाय उंदीर. आमच्या एसीच्या बेल्टला एकदा शिस्तीत कुरतडलेल्या खिडक्या सापडल्या होत्या.

दुसरं, कॅम्परचा ऑल्टरनेटर घरच्या बॅटरीसाठीही राबतो, म्हणजे गाडीतल्या मागच्या संसाराला वीज देणाऱ्या दुसऱ्या बॅटरीसाठी. ती भरणारा ४० अँपियरचा डीसी टू डीसी चार्जर म्हणजे साधारण साडेपाचशे वॉट. ऑल्टरनेटरचं स्वतःचं नुकसान धरलं तर बेल्टवर हजारेक वॉटचा, म्हणजे सव्वा हॉर्सपॉवरच्या आसपास जादा भार. तेरा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी हे थोडं नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं चीं होतं आणि मग थांबतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: रात्रभर रिकामी झालेली बॅटरी पोटभर मागत असते आणि बेल्ट घसरतो.

तपासायचं कसं? बेल्ट हाताने पिळून त्याची बाजू बघा. भिंती काचेसारख्या चकचकीत दिसल्या तर तो घसरून भाजला आहे. आडव्या चिरा, कडेला सुटलेला दोरा, तेलाचा ओलसरपणा, यांपैकी काहीही दिसलं तरी बदला. बॉनेटच्या आतल्या बाजूला काळी पूड उडालेली असेल तर बेल्ट कुठेतरी घासतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्ही बेल्टची पाठ पुलीच्या कडेशी जवळपास सपाटीत हवी. बेल्ट खोल गेला असेल आणि पुलीच्या खाचेचा तळ चमकत असेल, तर तो भिंतींना धरण्याऐवजी तळावर घसरतोय. असा बेल्ट कितीही ताणा, उपयोग शून्य.

३. योग्य नंबरचा बेल्ट मिळवणे

दुकानात जाताना हे सोबत न्या: आरसीची झेरॉक्स (इंजिन नंबर, चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष त्यावर असतं), गाडीचं मॅन्युअल असेल तर ते, आणि जुन्या बेल्टच्या पाठीवरच्या नंबराचा फोटो. "ट्रॅव्हलरचा फॅन बेल्ट द्या" एवढ्यावर घेऊ नका. इंजिनं बदलत गेली तसे बेल्टही बदलले.

नंबर वाचायला सोपा असतो. एव्हीएक्स १३×१०७५ म्हणजे खाचांचा व्ही बेल्ट, १३ मिलिमीटर रुंद, १०७५ मिलिमीटर लांब. नंबरापुढे एलए लिहिलं असेल तर ती बाहेरून मोजलेली लांबी. काही कंपन्या बेल्टच्या आतल्या दोरावरची लांबी देतात आणि दोन्हींत फरक असतो. ६पीके१७५० म्हणजे सहा रिब, १७५० मिलिमीटर. नंबर पुसला असेल तर जुना बेल्ट सुतळीने मोजून तेवढाच मागू नका, तो ताणला गेलेला असतो. त्यापेक्षा ऑल्टरनेटर पूर्ण आत ढकलून सुतळी पुल्यांभोवती फिरवा, मग तो बाहेर ओढून पुन्हा मोजा. तुमची लांबी या दोन आकड्यांच्या मध्ये, आतल्या आकड्याच्या जवळ.

एसीच्या बेल्टचा सापळा सगळ्यांना अडकवतो. एसी गाडीच्या कंपनीने न बसवता बॉडी बांधणाऱ्याने किंवा आधीच्या मालकाने बसवला असेल, तर तो बेल्ट गाडीच्या पार्टबुकात नसतोच. तिथे जुन्या बेल्टचा नंबर हाच एकमेव पुरावा.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा भाग. सकाळी लवकर गेलात तर दुकानदार नीट बोलतो. जेके फेनर, गेट्स, कॉन्टिटेक किंवा आपल्या नागपूरची पिक्स, यातलं काहीही चालेल. पाकिटावर एमआरपी, उत्पादनाची तारीख आणि बेल्टवर ठळक छापलेला नंबर बघा. डुप्लिकेट मालाची छपाई बोटाने घासली की फिस्कटते. एकाच पुलीवर दोन बेल्ट शेजारी शेजारी असतील तर दोन्ही एकाच मेकचे, जोडीनेच घ्या. एक जुना, एक नवा ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो.

प्रत्येक बेल्टचे दोन नग घ्या. एक आत्ता लागेल, दुसरा गाडीत राहील.

४. हत्यारं

रिंग पान्यांचा सेट (आठ ते एकोणीस), सॉकेट आणि रॅचेट, एक जाड टॉमी किंवा लाकडी दांडा, तारेचा ब्रश, सरळ धारेची स्टीलची पट्टी, टॉर्च (डोक्यावर बांधायची असेल तर उत्तम), सुती चिंध्या, हातमोजे, गंजलेल्या बोल्टसाठी डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे, मार्कर पेन. चाकांना लावायला दोन लाकडी ओंडके. एवढंच.

५. आधी गाडी पूर्ण निपचित करा

इंजिन गार हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. सपाट जागा, हँडब्रेक, गिअरमध्ये टाकलेली, चाकांना ओंडके. किल्ली तुमच्या खिशात, कीहोल्डरला लटकवून नाही. बॉनेटखाली तुमची बोटं असताना घरातल्या कुणी "बघू बरं, सुरू होते का" म्हणून सेल मारला तर काय होईल ते सांगायला नको.

मग गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. साध्या गाडीत काम इथे संपतं, कॅम्परमध्ये नाही. ऑल्टरनेटरच्या पाठीवरची जाड तार घरच्या बॅटरीशी नुसत्या रिलेने किंवा मोठ्या स्विचने जोडलेली असेल, तर गाडीची बॅटरी सोडूनही त्या तारेत करंट असू शकतो. पाना तिला आणि बॉडीला एकाच वेळी लागला तर वेल्डिंगच होतं. म्हणून घरच्या बॅटरीचा मेन स्विचही बंद करा, सोलर असेल तर आधी त्याचाही. इलेक्ट्रिक पंखे असलेल्या गाड्यांत काही पंखे किल्ली काढल्यावरही आपोआप सुरू होतात, त्यांचा प्लग काढून ठेवा.

६. सोडवणे

पहिल्यांदा मोबाइलवर फोटो. तीन कोनांतून, टॉर्च लावून. मग मार्करने ऑल्टरनेटरचा बोल्ट पट्टीत कुठे आहे तिथे खूण करा.

सगळ्यात पुढचा बेल्ट आधी निघतो. म्हणून आतला फॅन बेल्ट बदलायचा तर एसी आणि स्टिअरिंगचे बेल्ट काढावेच लागतात. मग एवढी मेहनत करून तेच जुने परत चढवणं मला तरी पटत नाही. सगळे एकदम बदला. चांगल्या स्थितीतले असतील तर ते स्पेअर म्हणून राहतात.

ऑल्टरनेटर खाली एका लांब बोल्टवर झुलतो, आणि वर कमानीसारख्या पट्टीतल्या दुसऱ्या बोल्टने आवळलेला असतो. काही गाड्यांत ताण द्यायला वेगळा लांब आट्यांचा बोल्ट असतो. वरचा सैल करायला सगळ्यांना आठवतं, खालचा विसरतात. मग ऑल्टरनेटर हलत नाही म्हणून टॉमीने दाबतात आणि पट्टी वाकवतात. दोन्ही सैल करा. गंजला असेल तर स्प्रे मारून चहा घेऊन या. मग ऑल्टरनेटर इंजिनकडे ढकला, बेल्ट ढिला होईल. तो पंख्याच्या एकेका पात्यावरून फिरवत बाहेर काढा. काच आणि पत्र्याच्या मधून काढल्यासारखं वाटेल, घाई नको. रेडिएटरच्या जाळीला हातातला पाना लागू देऊ नका.

७. पुल्या हाताने फिरवा

गॅरेजमध्ये सहसा हीच पायरी वगळली जाते, आणि माझ्या मते सगळं काम याच दहा मिनिटांसाठी करायचं. बेल्ट चढलेला असताना पुली कशी आहे ते कळत नाही, तो तिला धरून ठेवतो. आता सगळ्या मोकळ्या आहेत.

वॉटर पंपापासून सुरुवात करा. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा. पंप सरळ असेल तर काहीच जाणवत नाही. बारीकशी खुट्ट लागली तरी बेअरिंग गेलं. पंख्याला मधोमध चपटी व्हिस्कस जोडणी असेल तर पंखा थोडा चिकट फिरतो, ते ठीक. त्यानंतर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, तिथे टॉर्च मारा. तिथून हिरवट किंवा लालसर ओघळ आला असेल, सुकलेला का असेना, तर पंपाचं सील संपलंय. कराडला पंप काढल्यावर दिसलं की आमचा ओघळ चांगला चार बोटं लांब झाला होता. म्हणजे तो महिनाभर तरी तिथे होता आणि मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

ऑल्टरनेटर फिरवा. गुळगुळीत फिरला पाहिजे. वाळू भरल्यासारखा करकर वाटला तर बेअरिंग. एसीची पुली क्लच सुटलेला असताना मोकळी फिरायला हवी. आयडलर पुली (काही न चालवता नुसता बेल्टला वळण देणारी) असेल तर बोटाने जोरात फिरवून सोडा: स्केटिंगच्या चाकासारखी बराच वेळ फिरत राहिली तर आतलं ग्रीस सुकलंय. एखाद-दोन वळसे घेऊन थांबली तर ती बरी. स्टिअरिंगचा पंप थोडा जड फिरतो, त्यात अडखळ नको एवढंच बघा.

मग खाचा. तारेच्या ब्रशने गंज काढा, स्पिरिट लावलेल्या चिंधीने पुसा. डिझेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर रबराला खातो. शेवटी स्टीलची पट्टी दोन पुल्यांच्या तोंडांवर टेकवून बघा. दोन्ही एका रेषेत हव्यात. ऑल्टरनेटर आधी कधी बदलला असेल आणि मधला वॉशर राहून गेला असेल, तर इथे कळतं.

काही सापडलं तर थांबा आणि ते आधी दुरुस्त करा. नवा बेल्ट गाडीत पडून राहिला तर बिघडत नाही.

८. नवा बेल्ट चढवणे

फोटो समोर ठेवा आणि उलट क्रमाने जा. बेल्ट हाताने चढला पाहिजे. चढत नसेल तर ऑल्टरनेटर पुरता आत गेला नसेल किंवा बेल्ट चुकीचा असेल. स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवरून खेचू नका. वरून काही दिसत नाही, पण आतला दोरा तुटतो आणि दोन-तीनशे किलोमीटरवर बेल्ट सोलून निघतो. काही मिस्त्री बेल्ट अर्धवट अडकवून दुसऱ्याला सेल मारायला सांगतात. असं काम करणाऱ्या एका काकांच्या डाव्या हाताला साडेचार बोटं मी पाहिली आहेत.

९. ताण

ऑल्टरनेटर बाहेर ओढायला टॉमी लावायची ती त्याच्या पुढच्या जाड भागाला. मागच्या पातळ जाळीला लावली तर ती फुटते. एका हाताने टॉमी धरून दुसऱ्याने वरचा बोल्ट आवळा, मग खालचा.

किती ताणायचं? मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. नसेल तर दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब अंतराच्या मधोमध अंगठ्याने चांगलं दाबा, म्हणजे दहा किलोच्या आसपास जोर. बेल्ट साधारण १० मिलिमीटर खाली जायला हवा, म्हणजे करंगळीच्या जाडीइतका. अंतर कमी असेल तर त्याहून कमी. पाच मिलिमीटरही जात नसेल, तर तुम्ही पंपाच्या बेअरिंगचा गळा दाबताय. सैल बेल्ट निदान ओरडून सांगतो, घट्ट बेल्ट मुकाट्याने नुकसान करतो.

१०. सुरू करून बघा

बॉनेटखालची हत्यारं मोजा. चिंध्याही मोजा. मग गाडीची बॅटरी जोडा, घरचा मेन आणि शेवटी सोलर. इंजिन सुरू करून पाचेक मिनिटं रिकामं चालू द्या, मग हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा आणि बाजूने बघा. ओढणी, सैल बाही, लटकणारी वायर काही जवळ नको. बेल्ट सरळ पळायला हवा, फडफडता कामा नये. बॅटरीवर मल्टिमीटरने १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसलं की चार्जिंग ठीक.

आवाज आला तर बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारू नका. तो दोन दिवस गप्प करतो आणि वर धूळ चिकटवतो.

इंजिन बंद, गार होऊ द्या, पुन्हा ताण बघा. नवा व्ही बेल्ट पहिल्या अर्ध्या तासात खाचेत बसतो आणि ढिला पडतोच. शंभर किलोमीटरनंतर एकदा, पाचशेनंतर एकदा. मी हे मोबाइलवर गजर लावून करते, नाहीतर विसरायला होतं.

११. तुमच्या गाडीत रिब्ड बेल्ट असेल तर

काम उलट सोपं आहे: बेल्ट आपोआप ताणून ठेवणारा स्प्रिंगचा टेन्शनर असतो, पान्याने तो फिरवून धरा, बेल्ट सरकवा, सोडा. अडचण रस्त्याची. बेल्ट नागमोडी जातो, काही पुल्यांवर पोट लावून, काहींवर पाठ लावून. रेडिएटरजवळ चित्र चिकटवलेलं असेल तर शोधा, नसेल तर काढण्याआधी कागदावर काढा. चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा. एक रिब बाहेर राहिली तर पहिल्या दहा मिनिटांत कड उसवते.

आताचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे, त्यांना जुन्यासारख्या चिरा पडत नाहीत. ते आतून झिजतात. रिबमधल्या खाचा रुंद झाल्या की नवं आणा, चिरा शोधत बसू नका. आणि चिवचिव आवाज आला तर चालत्या इंजिनवर लांबून, रिबच्या बाजूला, थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या रेषेत नाहीत. वाढला तर बेल्ट घसरतोय, टेन्शनर बघा.

१२. रस्त्यात तुटलाच तर

बाजूला घ्या, चारही इंडिकेटर, मागे त्रिकोण. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लागतो. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नका. तुटलेल्या बेल्टचे सगळे तुकडे गोळा करा, एखादा पंख्यात किंवा क्रँकच्या पुलीमागे अडकलेला असतो. आणि नवा चढवण्याआधी, पाऊस असो वा अंधार, सातवी पायरी करा.

आमच्याकडे आता ड्रायव्हरच्या सीटमागे एक कापडी पिशवी असते. त्यात तीन बेल्ट, बारा-तेराचा आणि सोळा-सतराचा पाना, टॉमी, टॉर्च, हातमोजे. प्रत्येक बेल्टवर पांढऱ्या मार्करने "फॅन", "स्टेअरिंग", "एसी" आणि विकत घेतल्याची तारीख. बेल्ट घट्ट घडी करून ठेवू नका, सैल गोल करून ठेवा. आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा, उंदीर स्पेअरही सोडत नाहीत.